ग्रामण्य : चहाच्या पेल्यापासून कायद्यापर्यंत

ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या वेताळ पेठेतील पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. शहरातील नामवंत मंडळी तिला हजर होती. न्यायमूर्ती रानडे, टिळक आणि गोखले हेही त्यांत होते. सभेनंतर चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हाती धरला, तर कोणी बाजूला ठेवला. गोष्ट एवढ्यावरच मिटली असती. पण या प्रकरणाचे सूत्रधार गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती, यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापवली आणि ग्रामण्य उभे राहिले.

ग्रामण्य म्हणजे जातीचा नियम मोडल्याच्या आरोपावरून होणारी चौकशी आणि बहिष्कार. जातीपाशी तुरुंग नव्हता, शिपाईही नव्हते. तरी तिच्या शिक्षेची धास्ती मोठी होती, कारण ती रोजच्या व्यवहारातून बजावली जाई. वाळीत पडलेल्याच्या पंक्तीला कोणी बसत नसे, श्राद्धाला ब्राह्मण मिळत नसत, मुलीचे लग्न अडून राही. त्याच्याशी संबंध ठेवणाराही दोषी ठरे. त्यामुळे शिक्षा एकाला आणि जाच साऱ्या गोतावळ्याला, असा प्रकार होई.

सनातनी पक्षाने शंकराचार्यांकडे तक्रार नेली. चौकशीसाठी शास्त्र्यांचे कमिशन नेमले गेले. आरोप, जबाब, बचाव हे सारे रीतसर झाले. कोर्टाची भाषा एव्हाना धर्मपीठानेही उचलली होती. पेला ओठाला लागला की नाही, यावर दोषाचे तारतम्य ठरू लागले. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. तरीही त्यांच्या घरच्या धर्मकृत्यांना भटजी मिळणे अवघड झाले.

रानड्यांचा प्रसंग अधिक बोलका आहे. चहा घेण्यात पाप आहे असे त्यांना वाटत नव्हते आणि बहिष्काराची भीतीही नव्हती. तरी 1892 मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतले. ग्रामण्यामुळे त्यांच्या मित्रांच्या घरची माणसे अडचणीत आली होती, हे त्याचे कारण. तरुण सुधारकांनी त्यांच्यावर सडकून टीका केली. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत हा प्रसंग आला आहे. त्या वाचताना जाणवते, की बहिष्काराचा खरा मार आप्तेष्टांवर बसतो आणि निर्भय माणूसही तेथेच नमतो.

जुन्या पद्धतीत एक गोष्ट मात्र होती. प्रायश्चित्त घेतले की माणूस पुन्हा पंक्तीत येई. परतीचा दरवाजा बंद नसे, पण त्याची किल्ली धर्माधिकाऱ्यांच्या हाती असे. दोष कोणता, शिक्षा किती आणि सुटका केव्हा, हे तिन्ही तेच ठरवत. निकालाविरुद्ध दाद मागावी अशी जागा उरत नसे.

ती जागा कायद्याने देऊ पाहिली. 1949 मध्ये मुंबई प्रांताने बहिष्कारबंदीचा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द ठरवला. धर्मपंथाला आपले धार्मिक व्यवहार चालवण्याचा जो हक्क घटनेने दिला आहे, त्यावर हा कायदा आक्रमण करतो, असे बहुमताचे म्हणणे होते. सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र भिन्नमत नोंदवले. पुढे जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्रात चळवळ झाली. 2016 मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला आणि जुलै 2017 पासून तो लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

कोणत्याही समूहाला काही नियम लागतात आणि ते मोडणाऱ्याला आवर घालावा लागतो, हे नाकारता येत नाही. पंचहौदचे प्रकरण वेगळाच प्रश्न विचारते : आवर घालणाऱ्याला आवर कोण घालणार? वाळीत पडलेल्याला आपली बाजू मांडता येते का, त्याच्या घरच्यांना वगळले जाते का आणि परत येण्याची वाट कोणाच्या मर्जीवर आहे, यांवरून त्या समूहाची पारख होते. कायद्याला शिक्षा देता येते, पण पंक्तीत शेजारी बसण्यासाठी माणूसच पुढे यावा लागतो.