क्लिपलेस पेडल वापरताना पडणे

क्लिपलेस पेडल वापरताना पडणे म्हणजे बुटाच्या तळाला बसवलेली क्लीट पेडलमध्ये अडकलेली असताना सायकल थांबल्यामुळे, पाय वेळेत मोकळा न होऊन, चालक सायकलीसह एका बाजूला कलंडणे होय. अशा प्रकारचे पडणे प्रामुख्याने हे पेडल नव्याने वापरू लागलेल्या चालकांच्या बाबतीत आढळते. ते वेगात होत नाही. सायकल थांबत असताना किंवा थांबल्यानंतर, बहुधा सिग्नलपाशी, फाटकासमोर किंवा चढावर ते घडते. इंग्रजी भाषक सायकलपटूंमध्ये या प्रसंगाला थट्टेने ‘क्लिपलेस मोमेंट’ असे म्हणतात. बहुतेक वेळा त्याचे परिणाम खरचटणे आणि ओशाळणे यांपुरते मर्यादित राहतात. तथापि, रहदारीच्या बाजूला पडल्यास किंवा चालक उतारवयाचा असल्यास इजा गंभीर होऊ शकते.

नाव

‘क्लिपलेस’ या शब्दाचा अर्थ ‘क्लिप नसलेले’ असा आहे. प्रत्यक्षात या पेडलला पाय घट्ट अडकतो, त्यामुळे हे नाव नवख्या वाचकाला विसंगत वाटते. येथे ‘क्लिप’ म्हणजे जुन्या शर्यतीच्या सायकलींना असणारी टो-क्लिप होय. टो-क्लिप हा पेडलच्या पुढील भागी बसवलेला, चवडा सामावून घेणारा पिंजरा असे आणि तो चामड्याच्या पट्ट्याने आवळला जाई. हा पिंजरा ज्यात नाही ते पेडल ‘क्लिपलेस’ ठरले. भारतात सर्वत्र दिसणाऱ्या साध्या सायकलीच्या रबरी ठोकळ्यांच्या पेडलला (बोलीत ‘पायडल’) यांपैकी काहीच नसते. त्यावरून पाय केव्हाही, कोणत्याही दिशेने उचलता येतो.

इतिहास

पेडलला पाय जोडून ठेवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्याच्या चार्ल्स हॅन्सन याने १८९५ मध्ये पाय वळवून अडकवता व सोडवता येणारे पेडल तयार केले होते, परंतु ते रूढ झाले नाही. त्यानंतर अनेक दशके शर्यतीत टो-क्लिप आणि पट्टा यांचाच वापर होत राहिला. पट्टा आवळलेला असताना थांबायचे झाल्यास चालकाला खाली वाकून तो हाताने सैल करावा लागे. त्यामुळे पाय अडकून पडण्याचा प्रकार क्लिपलेस पेडलच्या आधीपासून परिचित होता.

इटलीतील सिनेली या उत्पादकाने १९७० च्या दशकाच्या आरंभी ‘एम-७१’ हे पेडल बाजारात आणले. त्यात बुटाखालची पट्टी पेडलच्या खाचेत सरकवून एका छोट्या खिट्टीने पक्की केली जाई. ही खिट्टी उघडण्यासाठी पेडलपर्यंत हात न्यावा लागत असल्याने हे पेडल धोकादायक मानले गेले आणि त्याचा प्रसार झाला नाही.

आजच्या स्वरूपाचे पेडल फ्रान्समधील लूक या कंपनीने १९८४ मध्ये आणले. जाँ बेल यांनी १९५१ मध्ये नव्हेर येथे स्थापन केलेली ही कंपनी मूळची बर्फावरील स्कीला बूट जोडणाऱ्या पकडी बनवणारी होती. स्कीपटू पडला असता पाय मुरगळून हाड मोडू नये म्हणून या पकडी ठरावीक जोर पडताच आपोआप सुटत. हेच तत्त्व पेडलला लावण्यात आले. फ्रेंच सायकलपटू बर्नार इनो यांनी १९८५ ची तूर द फ्रान्स ही शर्यत या पेडलचा वापर करून जिंकली. त्यानंतर व्यावसायिक शर्यतींतून टो-क्लिप झपाट्याने मागे पडली. १९९० मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने एसपीडी ही पद्धत आणली. तिच्यात क्लीट लहान असून बुटाच्या तळातील खोबणीत बसते. त्यामुळे ते बूट घालून चालता येते, आणि हे पेडल शर्यतीबाहेरच्या सामान्य चालकांपर्यंत पोहोचले. साहजिकच नवशिक्यांच्या पडण्याचे प्रसंगही शर्यतीच्या वर्तुळाबाहेर आले.

रचना

या पद्धतीचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे बुटाच्या तळाला स्क्रूने बसवलेली धातूची किंवा प्लास्टिकची क्लीट. दुसरा भाग म्हणजे स्प्रिंगच्या जोराने क्लीट धरून ठेवणारी पेडलवरील पकड. चवडा पुढे सरकवून खाली दाबला की ‘खट्’ असा आवाज होऊन क्लीट अडकते. ती सोडवण्यासाठी टाच बाहेरच्या बाजूला, म्हणजे सायकलीपासून दूर, वळवावी लागते. पाय सरळ वर ओढला तर क्लीट सुटत नाही. किंबहुना वर ओढल्यावर ती सुटू नये, हाच या रचनेचा हेतू आहे.

क्लीट सुटण्यापूर्वी टाचेला थोडी मोकळी हालचाल मिळते. गुडघ्यावर ताण येऊ नये म्हणून ती ठेवलेली असते. शिमानोच्या तीन स्क्रूंच्या रस्त्यावरील प्रकारात पिवळ्या क्लीटला ६ अंश, निळ्या क्लीटला २ अंश, तर लाल क्लीटला शून्य अंश मोकळीक असते. ही मोकळीक संपल्यानंतर आणखी वळवल्यावरच पाय सुटतो. नवशिक्या पुष्कळदा या मोकळ्या हालचालीपाशीच थांबतो आणि पाय सुटला असे समजतो. बहुतेक पेडलांमध्ये स्प्रिंगचा ताण एका स्क्रूने कमी-जास्त करता येतो.

पडण्याची कारणे

सवयीशी विरोध

लहानपणापासून साधी सायकल चालवणाऱ्याचा पाय थांबताना आपोआप पेडलवरून उचलला जाऊन बाजूला टेकतो. या कृतीसाठी विचार करावा लागत नाही. क्लिपलेस पेडलवर मात्र आधी टाच वळवणे आणि मग पाय बाहेर काढणे असा क्रम आहे. शांतपणे थांबताना हा क्रम आठवतो, परंतु समोर अचानक रिक्षा थांबली किंवा कुत्रे आडवे आले की जुनी सवय वरचढ ठरते. पाय वर ओढला जातो, तो सुटत नाही, म्हणून घाबरून आणखी जोराने ओढला जातो. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कौशल्य आत्मसात होण्याचे तीन टप्पे मांडले: विचारपूर्वक करण्याचा, चुका कमी होत जाण्याचा आणि आपोआप घडण्याचा. पाय सोडवण्याची क्रिया तिसऱ्या टप्प्यात पोहोचेपर्यंत लक्ष विचलित होताच चूक होण्याची शक्यता राहते. पहिले काही दिवस सुखरूप गेल्यावर, सावधपणा सैल झाला असताना पडण्याचे प्रसंग घडतात, ते याच कारणाने.

वेग संपल्यावर तोल जाणे

चालती सायकल कोसळत नाही, याचे एक मोठे कारण असे की, ती ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल किंचित वळून चाके पुन्हा भाराखाली येतात. वेग शून्यापाशी आला की हा उपाय लागू पडत नाही. थांबलेल्या सायकलीचा तोल एकदा गेला की ती सुमारे एक-दोन सेकंदांत जमिनीला टेकते. अडकलेला पाय शोधण्यास आणि सोडवण्यास तेवढा अवधी पुरत नाही.

पकड न सुटणे

वेगात झालेल्या अपघातात पाय पिरगळला जातो व क्लीट बहुधा स्वतःहून सुटते. सावकाश कलंडताना मात्र पायाला पीळ बसत नाही. चालक, सायकल आणि पेडल एकाच दिशेने, एकत्रच आडवे होतात. पडताना पाय मोकळा व्हावा यासाठी जन्माला आलेली पकड नेमक्या याच प्रसंगी बंद राहते.

चुकीची बाजू

चालकाने डावा पाय सोडवलेला असतो, परंतु खड्डा, उतार किंवा वाऱ्याच्या झोताने सायकल उजवीकडे कलते. एक पाय मोकळा असूनही तो टेकवता येत नाही. अनुभवी चालकांच्या पडण्यामागे हे कारण वरचेवर आढळते.

यांत्रिक कारणे

क्लीटचा एखादा स्क्रू सैल होऊन गळून पडला, तर टाच वळवल्यावर क्लीट बुटाखाली जागच्या जागी फिरते आणि पकडीतून सुटत नाही. अशा वेळी तंत्र बरोबर असूनही पाय निघत नाही. स्प्रिंगचा ताण जास्त असणे, क्लीट झिजणे आणि पकडीत चिखल किंवा वाळू अडकणे ही इतर कारणे होत.

इजा

असे पडणे कमी वेगाचे असल्याने ते निरुपद्रवी आहे असा समज आहे. तो पूर्णतः बरोबर नाही. वेग शून्य असला तरी उंची शून्य नसते. बसलेल्या चालकाचे कंबरेचे हाड जमिनीपासून सुमारे १ मीटर उंच असते. तेवढ्या उंचीवरून खाली येणारी वस्तू जमिनीवर आदळताना तिचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर असतो. गुडघा, कोपर आणि मांडीची बाहेरची बाजू यांना सर्वप्रथम मार बसतो. हात पसरून जमिनीवर टेकवल्यास मनगटाजवळचे हाड किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेले नौकाकृती हाड मोडू शकते. या दुसऱ्या हाडाची चीर पहिल्या क्ष-किरण छायाचित्रात कधीकधी दिसत नाही. त्यामुळे अंगठ्याच्या मुळाशी दुखत राहिल्यास पुन्हा तपासणी आवश्यक असते. उतारवयातील किंवा हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तींना खुब्याचे हाड मोडण्याचा धोका असतो. पडल्यानंतर पायावर भार देता येत नसल्यास तत्काळ रुग्णालयात जाणे इष्ट असते.

सर्वांत मोठा धोका पडण्याच्या दिशेचा आहे. भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे उजवीकडे कलंडणारा चालक मागून येणाऱ्या वाहनांच्या मार्गात पडतो.

संकोच

हे पडणे बहुधा लोकांसमोर घडते, कारण थांबण्याची ठिकाणे म्हणजेच चौक आणि सिग्नल. स्थिर उभ्या सायकलीवरून महागडे बूट आणि हेल्मेट घातलेला माणूस विनाकारण आडवा झाल्याचे दृश्य बघ्यांना विनोदी वाटते. पडलेल्या व्यक्तीचे दोन्ही पाय बहुधा अजून अडकलेलेच असतात, त्यामुळे तिला चटकन उठताही येत नाही. या संकोचाचे दोन प्रत्यक्ष दुष्परिणाम होतात. चालक घाईने उठून, लागले नसल्याचे भासवत, इजा न तपासताच निघून जातो. दुसरे असे की, सायकल उजव्या बाजूला पडली असल्यास मागील गिअर बदलणाऱ्या डिरेलरचा आधार वाकलेला असू शकतो. तो न पाहता पुढे जाऊन सर्वांत हलका गिअर टाकल्यास डिरेलर चाकाच्या तारांत अडकून चाक जाम होते. त्यामुळे उठल्यावर आधी रस्त्याच्या कडेला येणे, मग स्वतःचे अंग आणि त्यानंतर हँडल, ब्रेक व डिरेलर पाहणे हा क्रम योग्य ठरतो.

प्रतिबंध

पडणे पूर्णपणे टळेल असे नाही, परंतु पुढील सरावाने त्याचा संभव बराच कमी होतो.

• भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला धरून, सायकल स्थिर ठेवून, प्रत्येक पाय वीस-तीस वेळा अडकवणे व सोडवणे.
• स्प्रिंगचा ताण आरंभी सर्वांत कमी ठेवणे.
• पहिला सराव गवताच्या मैदानात करणे, तोही आधी एकच पाय अडकवून.
• थांबल्यावर नव्हे, तर थांबण्याच्या बरेच आधी, सायकल चालत असतानाच पाय सोडवणे. त्या बाजूचे पेडल सर्वांत खाली असताना टाच वळवणे सोपे जाते.
• नेहमी एकच पाय आधी सोडवण्याची सवय लावणे. भारतात तो डावा असणे सोयीचे आहे. रस्त्याची कड त्या बाजूला असते आणि साखळीही उजवीकडे असल्याने पाय तिला लागत नाही.
• थांबताना शरीराचा भार सोडवलेल्या पायाच्या बाजूला नेणे. शेवटच्या क्षणी हँडल किंचित उजवीकडे वळवल्यास सायकल डावीकडे कलते.
• पाय टेकवण्याची जागा आधी पाहणे. पावसाळ्यानंतर साइडपट्ट्या खचलेल्या असतात व डांबराच्या कडेपासून जमीन अपेक्षेपेक्षा खोल असते.
• चढ सुरू होण्यापूर्वीच हलका गिअर टाकणे आणि दम संपण्याआधी पाय मोकळा करणे.
• क्लीटचे स्क्रू वेळोवेळी तपासणे. ते साधारणतः ५ ते ६ न्यूटन-मीटर इतके आवळलेले असावे लागतात.

तोल गेलाच तर हात जमिनीकडे न पसरता हँडलवरच ठेवून दंड आणि मांडी यांवर भार घेण्याचा सल्ला दिला जातो.

पर्याय

शिमानोच्या एसपीडी प्रकारात टाच एकाहून अधिक दिशांना, तिरकस वर उचलूनही, सुटणारी क्लीट मिळते. ती शिकणाऱ्यांना सोयीची असते, मात्र उभे राहून जोर लावताना ती अनपेक्षितपणे सुटू शकते. एका बाजूला पकड व दुसऱ्या बाजूला सपाट पृष्ठ असलेले पेडल शहरातील रहदारीत उपयोगी पडते. पाय घसरू नये हा या पेडलचा मुख्य लाभ आहे. खिळ्यांसारखे टोकदार उंचवटे असलेले रुंद सपाट पेडल आणि चिकट तळव्याचे बूट यांनीही तो बऱ्याच अंशी साधतो. त्यामुळे हाडे कमकुवत असलेल्या किंवा रोज दाट गर्दीतून जाणाऱ्या चालकाने क्लिपलेस पेडल वापरलेच पाहिजे असे नाही.

हे सुद्धा पहा

• सायकल
• सायकल शर्यत
• तूर द फ्रान्स
• हेल्मेट