ह्वासाच्या वाडीचे वॉशिंग्टन

गावावरून आडनाव पडणं यात आपल्याला नवल वाटत नाही. गावाच्या नावाला ‘कर’ जोडला की झालं. इंग्रजांकडे असा सोयीचा प्रत्यय नाही, पण त्यांचीही कितीतरी आडनावं मुळात गावांचीच नावं आहेत. त्यातलं सगळ्यात लांब पल्ला गाठलेलं आडनाव म्हणजे वॉशिंग्टन.

इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम शहराच्या उत्तरेस, या नावाचं एक जुनं गाव आहे. नावात ‘वॉशिंग’ दिसतं म्हणून तिथे धोबीघाट असेल असं समजू नका. जुन्या इंग्रजीत ‘टून’ म्हणजे कुंपण घातलेली शेतवस्ती, जवळजवळ आपली वाडीच. ‘इंग’ म्हणजे अमक्याची माणसं. आणि हा अमका म्हणजे ह्वासा नावाचा कुणी असावा, असं स्थलनामांचे अभ्यासक मानतात. ह्वासाच्या माणसांची वाडी. त्या बिचाऱ्याचं एवढंच काय ते मागे उरलं आहे.

गावाचं नाव माणसाला कसं चिकटलं, तेही कळतं. डरहॅमच्या बिशपने ११८३ साली आपल्या जमिनींची एक वही तयार करवली. आपल्या जमाबंदीच्या वहीसारखीच ती म्हणायची. तिला ‘बोल्डन बुक’ म्हणतात. हर्टबर्न गावच्या विल्यमने आपलं गाव बिशपला देऊन बदल्यात वॉशिंग्टन घेतलं, अशी नोंद तीत आहे. वर्षाचा सारा चार पौंड, शिवाय बिशपच्या मोठ्या शिकारीला चार शिकारी कुत्रे घेऊन हजर राहायचं. गाव बदललं तसं आडनावही बदललं. हर्टबर्नचा विल्यम वॉशिंग्टनचा झाला. तेव्हा आडनाव म्हणजे एका अर्थी सातबाराच होता! पुढच्या पिढ्या मात्र गाव सोडून गेल्या तरी नाव घेऊनच गेल्या. याच वंशातल्या लॉरेन्सने १५३९ साली नॉर्दम्प्टनशरमधल्या सल्ग्रेव्ह इथे जमीन घेतली. त्याच्या वंशातला जॉन १६५७ च्या सुमारास व्हर्जिनियात स्थायिक झाला आणि जॉनचा पणतू जॉर्ज अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झाला. १७९१ मध्ये नव्या राजधानीला त्याचं नाव दिलं गेलं. गावाचं नाव माणसाला लागलं होतं, ते माणसावरून पुन्हा गावाला लागलं.

इतिहासाची पुस्तकं बहुधा इथेच थांबतात. मला त्यापुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाचे सुमारे १ लाख ६३ हजार लोक मोजले गेले. त्यातले शंभरात नव्वद कृष्णवर्णीय होते.

जॉर्ज वॉशिंग्टनच्या माऊंट व्हर्नन इथल्या मळ्यावर, तो १७९९ साली वारला तेव्हा, ३१७ गुलाम होते. पण त्याच्या गुलामांपैकी फार थोड्यांनी त्याचं आडनाव लावलेलं दिसतं. त्या थोड्यांतला एक हॅरी वॉशिंग्टन. आफ्रिकेत जन्मलेला, मालकाच्या घोड्यांची निगा राखणारा. मालक स्वातंत्र्याची लढाई लढत असताना, १७७६ मध्ये, हा पळाला आणि इंग्रजांना जाऊन मिळाला. १७८३ साली इंग्रज न्यूयॉर्क सोडून निघाले, तेव्हाच्या यादीत ‘पूर्वी जनरल वॉशिंग्टनची मालमत्ता’ अशी त्याची नोंद आहे. तिथून तो नोव्हा स्कोशियाला आणि १७९२ मध्ये सिएरा लिओनला पोचला. तिथल्या कंपनीने जमिनीवर सारा बसवला. त्यावरून १८०० साली बंड झालं, त्यातही हॅरी होता. त्याला वसाहतीतून हद्दपार करण्यात आलं.

बाकीच्या बहुतेकांनी हे नाव १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर, स्वतंत्र माणसाला आडनाव हवं म्हणून घेतलेलं असावं. नाव मोठं होतं, देशाचं होतं, आणि कुणाची परवानगी लागत नव्हती. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी आपल्या आत्मचरित्रात हा प्रसंग सांगितला आहे. व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मलेला हा मुलगा स्वातंत्र्यानंतर शाळेत गेला. हजेरी सुरू झाली. प्रत्येकाला दोन-दोन नावं, याला एकच. आपली पाळी येईपर्यंत त्याने ठरवून टाकलं आणि मास्तरांना शांतपणे सांगितलं, बुकर वॉशिंग्टन. त्याच्या सावत्र वडिलांचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं, तेच कदाचित ओठावर आलं असेल. आईने आपल्याला टॅलियाफेरो असंही नाव ठेवलं होतं, हे त्याला नंतर कळलं. ते त्याने मधे घातलं. शेवटी मात्र वॉशिंग्टनच ठेवलं.