नीळकंठशास्त्र्यांचा पूर्वपक्ष

काशीस बदली होऊन आलेल्या मराठी माणसास दुर्गाघाट-ब्रह्माघाटाकडील दक्षिणी वस्ती कोणी ना कोणी हौसेने दाखवितोच. तेथल्या शास्त्रीमंडळींची नावे आदराने घेतली जातात. नीळकंठशास्त्री गोरे हे नाव मात्र बहुधा गाळले जाते. कारण उघड आहे: १८४८ च्या मार्चमध्ये हे चित्पावन शास्त्री जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. आम्हांस येथे त्यांच्या धर्मांतराची बाजू घ्यावयाची नाही, त्याबद्दल त्यांस दोषही द्यावयाचा नाही. आक्षेपकाशी कसे बोलावे हे त्यांच्या चरित्रात जसे दिसते तसे फार थोड्या ठिकाणी दिसते, एवढ्यासाठीच हा प्रपंच.

हा वाद आरंभिला एका अंमलदाराने. जॉन म्यूर हा कंपनी सरकारचा मुलकी अधिकारी. कचेरीच्या कामातून वेळ काढून त्याने १८३९ साली 'मतपरीक्षा' नावाचा गुरुशिष्यसंवाद संस्कृत श्लोकांत रचला. (आपल्यापैकी कितीजण फायलींतून डोके वर काढून एवढा उद्योग करतील, हा प्रश्न आम्ही आमच्यापुरता तरी टाळतो.) खऱ्या शास्त्राच्या तीन कसोट्या त्याने सांगितल्या: प्रवर्तकाचे चमत्कार, शिकवणीचे पावित्र्य आणि सर्व मानवजातीस लागू पडणे. या तिन्ही कसोट्यांस ख्रिस्ती मत उतरते व इतर मते उतरत नाहीत, असा त्याचा निर्णय. म्हणजे कसोटीचा दगडही त्याचा, सोनेही त्याचे आणि सराफही तोच!

उत्तरे यावयास वेळ लागला नाही. सोमनाथ या नावाने पहिले उत्तर आले. हे सोमनाथ म्हणजे सिहोरचे सुबाजी बापू, आपल्याच भाषेत ज्योतिषावर ग्रंथ लिहिणारे विद्वान, असे संशोधक मानतात. त्यांचा सूर सौम्य होता: ईश्वरानेच मते अनेक ठेविली असता एकाने दुसऱ्याच्या मतावर का तुटून पडावे? बंगालच्या हरचंद्र तर्कपंचाननांचे उत्तर याहून बरेच तिखट होते. तिसरे उत्तर काशीतून आले. १८४४-४५ च्या सुमारास लिहिलेल्या त्या 'शास्त्रतत्त्वविनिर्णया'चा कर्ता विशीच्या आतबाहेरचा तरुण होता. तेच आपले नीळकंठशास्त्री. जन्म बुंदेलखंडातला, घराणे बांद्याच्या नवाबाच्या पदरचे, विद्या काशीची.

या तरुणाचे प्रश्न नुसत्या वादासाठी उकरून काढलेले नव्हते. चमत्कार हेच प्रमाण, तर आमच्या पुराणांत ते थोडे आहेत काय? जन्मतःच कोणी आंधळा, कोणी राजपुत्र. पूर्वकर्म मानले नाही तर ही विषमता ईश्वराच्या न्यायात कशी बसवावी? मुक्या जनावरांनी दुःख का सोसावे? आणि मर्यादित आयुष्यातील पापासाठी अमर्याद नरक, हा कोणता न्याय? युरोपातील संशयवादीही ख्रिस्ती धर्माला असेच काही विचारीत होते. येथे ते एका दक्षिणी ब्राह्मणाने संस्कृतात विचारले, इतकेच.

ग्रंथ लिहिला जात होता त्याच काळात शास्त्री काशीतील मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याकडे जाऊ लागले होते. हेतू खंडनाचा. स्मिथ हे म्यूरसारखे पंडित नव्हेत. परंतु एक गोष्ट त्यांनी केली, ती म्हणजे दार बंद केले नाही. तीन-चार वर्षे हा तरुण आला, वाद घालून गेला, पुन्हा आला. म्यूरच्या श्लोकांपेक्षा या येण्याजाण्यानेच अधिक काम केले, असे आमचे मत आहे.

पुढची कथा सोपी नाही. १८५४ साली महाराजा दुलीपसिंगांसमवेत ते विलायतेस गेले. तेथे त्यांची मॅक्समुल्लरशी भेट झाली. मॅक्समुल्लरने पुढे आपल्या आठवणींत या तरुणाच्या व्याकुळतेविषयी लिहून ठेविले आहे: लंडनमध्ये जे पाहिले तोच ख्रिस्ती धर्म असेल तर परत जावे, असे त्यास वाटू लागले होते. ज्याने पूर्वी बाहेरून आक्षेप घेतले, त्याच्याच मनात आता आतून आक्षेप उठले. ते सावरले, पण शंकांनी त्यांची पाठ जन्मभर सोडली नाही.

१८६० साली त्यांचे हिंदी 'षड्दर्शनदर्पण' निघाले. दोनच वर्षांनी फिट्झएडवर्ड हॉलने ते इंग्रजीत उतरविले. दर्शनांचे खंडन त्यात कडक आहे, वेदान्तावर तर विशेषच, आणि सगळे काही वेदान्त्यांस पटेल असे आम्ही म्हणणार नाही. तथापि पद्धत काशीच्या पाठशाळेतली आहे: प्रतिपक्षाचे मत त्याच्याच ग्रंथांतून मांडावयाचे, मग उत्तरपक्ष. ज्यास पूर्वपक्ष नीट मांडता येत नाही त्यास खंडनाचा अधिकार नाही, हा आपल्याकडील जुना दंडक. तो एका ख्रिस्ती लेखकाने पाळला, कारण एकेकाळी तो स्वतःच पूर्वपक्ष होता.

म्यूरही बदलला. 'मतपरीक्षा' त्याने सुधारून वाढवून पुन्हा काढली, पण पुढे त्याचे मन खंडनातून निघून ग्रंथशोधाकडे वळले. मूळ संस्कृत वचनांचे त्याचे पाच खंड १८५८ पासून निघू लागले. १८६२ साली त्याने एडिंबरोस संस्कृतचे अध्यासन स्थापिले. आणि १८७५ साली संस्कृत ग्रंथकारांच्या नीतिपर व भक्तिपर वचनांचा पद्यानुवाद प्रसिद्ध केला.

गोरे १८९५ साली मुंबईस वारले. त्याआधी १८८३ साली पंडिता रमाबाईंनी विलायतेत बाप्तिस्मा घेतला, त्यात गोऱ्यांच्या लेखनाचा मोठा भाग होता. रमाबाईंनी लगेच आपल्या इंग्रज गुरुभगिनींना त्रैक्याविषयी असे प्रश्न घातले की त्या बाया हैराण झाल्या. आणि 'शास्त्रतत्त्वविनिर्णय'? तो १९५१ साली उज्जैनच्या सिंदिया प्राच्य संस्थेने छापून काढला. आंधळ्याचा, जनावरांचा आणि नरकाचा प्रश्न त्यात त्या तरुणाने लिहिला तसाच आहे.