ठाणे अंमलदाराच्या टेबलावर काय ठरते?

अत्याचाराची बातमी आली की आपण कार्यकर्ते पहिले दोन प्रश्न विचारतो. गुन्हा नोंदवला का? अ‍ॅट्रॉसिटी लावली का? या दोन प्रश्नांच्या मधले तास, कधी कधी दिवस, फिर्यादी ठाण्याच्या बाकावर बसून काढतो. "साहेब राउंडला गेलेत." "गावातच राहायचंय ना, मिटवून घ्या." "तुम्ही तर बौद्ध, मग जातीचा प्रश्न आला कुठून?" शेवटी एनसीचा कागद हातात पडतो. तोवर दुसऱ्या बाजूची उलटी फिर्याद लिहून झालेली असते. हे कामाच्या ताणामुळे होते, असे सांगणारे भेटतात. आम्हाला ते पटत नाही, कारण उलटी फिर्याद लिहायला वेळ मिळालेला असतो.

मुंबई सरकारने १९२८ मध्ये अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालातला एक मुद्दा पुढे त्यांनी गोलमेज परिषदेतल्या निवेदनातही मांडला. आशय असा: प्रत्येक गावात अस्पृश्य अल्पसंख्य आहेत, आणि समोरचे बहुसंख्य आपली प्रतिष्ठा राखायला कोणत्याही थराला जायला तयार आहेत. तरी उघड मारहाण क्वचित होते, कारण पोलीस खटला भरतील ही धास्ती. आता हे उलटे करून वाचा. खटला होणार नाही अशी खात्री गावाला पटली, तर हात आवरायला कारण काय उरते? ती खात्री देण्याचे किंवा मोडण्याचे ठिकाण म्हणजे ठाणे अंमलदाराचे टेबल.

महाडचा अनुभव तेव्हा ताजा होता. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावरून परतणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ला झाला. त्या खटल्यात पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. पण जिल्ह्याचे वरचे अधिकारी हिंदू नव्हते म्हणूनच हा न्याय मिळाला, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. अस्पृश्यांना पोलीस खात्यात घ्या, ही मागणी त्या काळात का धरली गेली, ते यावरून कळते. तो प्रश्न नुसत्या नोकऱ्यांचा नव्हता. फिर्याद कोण लिहून घेणार, याचा होता.

खैरलांजीकडे याच नजरेने पाहायला हवे. भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात बौद्धांची घरे मोजकी होती. सप्टेंबर २००६ च्या सुरुवातीला भोतमांगे कुटुंबाच्या जवळच्या एका माणसाला मारहाण झाली. तो शेजारच्या गावचा पोलीस पाटील होता, तरीही. सुरेखा आणि प्रियंका भोतमांगे या मायलेकींनी आरोपी ओळखले, साक्ष दिली. २९ सप्टेंबरला आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन यांना ठार मारण्यात आले. पहिले शवविच्छेदन इतके निष्काळजी होते की पुरलेले मृतदेह पुन्हा उकरावे लागले. आंदोलन पेटल्यावर त्यामागे नक्षलवादी शोधण्यात आले. २००८ च्या निकालात आठ जण दोषी ठरले, अ‍ॅट्रॉसिटी मात्र टिकली नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही हा आधीच्या प्रकरणाचा सूड मानला, जातीय अत्याचार नाही. आमचा प्रश्न सरळ आहे. सूड कशाचा? दोन बौद्ध बायकांनी पोलिसांपुढे तोंड उघडल्याचा. त्यात जात नाही, तर काय आहे?

गेल्या पन्नास वर्षांतले आपले कायदे वाचले तर ते ठाण्यातल्या मर्जीला एकेक खिळा मारत आलेले दिसतात. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, अंमल १९९० पासून. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत जागा मिळाली तीही १९९० मध्येच, म्हणजे धम्मदीक्षेनंतर तब्बल ३४ वर्षांनी. ठाण्यातल्या "बौद्ध, मग जात कुठली" या प्रश्नाला तेव्हापासून कायद्यात उत्तर आहे. २०१५ च्या दुरुस्तीने कलम ४ मध्ये अधिकाऱ्याची कर्तव्ये एकेक करून लिहिली: तोंडी फिर्याद लिहून घ्या, सही घेण्याआधी वाचून दाखवा, गुन्हा नोंदवा, प्रत लगेच द्या. हयगय केली तर सहा महिने ते एक वर्ष कैद.

मग २० मार्च २०१८ आला. तारीख बघा, महाड सत्याग्रहाचा दिवस. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याआधी प्राथमिक चौकशीची मुभा दिली आणि अटकेला वरिष्ठांची मंजुरी लावली. निघालेला खिळा पुन्हा ठोकायला २ एप्रिलचा भारत बंद लागला, त्यात माणसे मेली. मग संसदेने कलम १८-अ आणले, आणि २०२० मध्ये न्यायालयाने ते कायम ठेवले. त्यामुळे नव्या नागरिक सुरक्षा संहितेतली चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी कुणी अ‍ॅट्रॉसिटीच्या फिर्यादीत पुढे केली, तर हे कलम त्याच्यासमोर ठेवायचे.

एक भोक मात्र शिल्लक आहे. कलम ४ खाली अधिकाऱ्यावर आरोप ठेवायचा तर आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते, म्हणजे पुन्हा त्यांच्याच घरात जावे लागते. म्हणून फिर्याद लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, नोंदवली नाही तर तीच पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा आणि कलम ४ ची चौकशी त्याच अर्जात मागा. एक प्रत जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीला. १९९५ च्या नियमांप्रमाणे ही समिती तीन महिन्यांतून एकदा तरी बसलीच पाहिजे. तुमच्या जिल्ह्यात ती शेवटची कधी बसली आणि इतिवृत्तात काय लिहिले, हे या आठवड्यात माहिती अधिकाराखाली विचारा. अर्जाची फी दहा रुपये आहे.