‘*४०१* डायल करा’ सांगणाऱ्याचा फोन लगेच कट का करायचा?

डायलपॅड उघडा आणि *#०६# टाइप करा. कॉलचं हिरवं बटण दाबायच्या आधीच आयएमईआय नंबर समोर येतो. म्हणजे डायलपॅडवर टाइप केलेली प्रत्येक गोष्ट फोन नंबर नसते. कधीकधी तो फोनला किंवा नेटवर्कला दिलेला हुकूम असतो, आणि दिसायला दोन्ही सारखेच. माझ्या मते मोबाइलमधलं हे सगळ्यात जुनं आणि वाईट डिझाइन आहे.

सुरक्षा संशोधक रवी बोरगावकर यांनी २०१२ मध्ये अर्जेंटिनातल्या एकोपार्टी परिषदेत याचा नमुना दाखवला होता. सॅमसंगच्या काही गॅलक्सी फोनवर नुसतं एक वेबपेज उघडलं, की फॅक्टरी रीसेटचा कोड आपोआप चालायचा. फोटो, कॉन्टॅक्ट सगळं साफ! सॅमसंगने अपडेट देऊन ते भोक बुजवलं. पण नेटवर्कला जाणारे कोड तसेच राहिले आणि आपल्याकडच्या भामट्यांनी नेमके तेच उचलले.

फोन येतो, ‘तुमचं पार्सल आलंय, डिलिव्हरी बॉयशी बोलायला हा नंबर लावा.’ नंबर *४०१* ने सुरू होतो आणि पुढे दहा आकडे. हे दहा आकडे भामट्याच्या मोबाइलचे असतात. तुम्ही कॉल लावलात की तुमचे सगळे कॉल त्याच्याकडे वळतात. मग तो स्वतःच्या फोनवर तुमच्या नंबरने व्हॉट्सअॅप सुरू करतो आणि कोड मेसेजऐवजी कॉलवर मागतो. तो कॉल अर्थातच त्यालाच जातो. तुम्ही ओटीपी कोणालाही सांगितलेला नसतो, तरी अकाउंट गेलेलं असतं. पुढे तुमच्या मावशीला, मित्रांना मेसेज जातात, ‘अर्जंट पैसे पाठव ना.’

यातली खरी मेख अशी की हे फॉरवर्डिंग फोनमध्ये नसतं, ते कंपनीच्या नेटवर्कमध्ये नोंदलेलं असतं. त्यामुळे अँटीव्हायरस टाका, फोन रीसेट करा, नाहीतर सिम दुसऱ्या फोनमध्ये घाला, ते चालूच राहतं. आणि एवढा मोठा बदल करताना ‘तुमचे सगळे कॉल अमुक नंबरवर जातील, चालेल का?’ असं साधं कोणी विचारत नाही. एखादा फोटो डिलीट करताना मात्र फोन दोनदा विचारतो!

दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोडवरून होणारं हे कॉल फॉरवर्डिंग बंद ठेवायला कंपन्यांना सांगितलं. पण मूळ सोय गेलेली नाही, सेटिंग्जमधून ती चालू करता येते. म्हणून एकदा तपासाच. फोन अॅपच्या सेटिंग्जमध्ये कॉल फॉरवर्डिंग शोधा. तिथे ‘ऑलवेज’ पुढे अनोळखी नंबर दिसला तर बंद करा. बिझी, नो आन्सर हे पर्यायही बघा, कारण फोन मुद्दाम बिझी ठेवूनही कॉल वळवता येतो. एखादा नंबर ओळखीचा वाटला नाही तर तो कंपनीच्या व्हॉइसमेलचा आहे का, हे कस्टमर केअरला विचारा.

त्यानंतर व्हॉट्सअॅपमध्ये अकाउंटखाली टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा आकडी पिन ठेवा. हा पिन नसेल तर कॉलवरचा कोड त्याला पुरतो. असेल तर तो तिथेच अडकतो.

अकाउंट गेलंच असेल तर आधी फॉरवर्डिंग बंद करा, मग आपल्या फोनवर एसएमएसचा कोड टाकून पुन्हा लॉगिन करा. भामट्याने स्वतःचा पिन लावला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागेल, पण तो त्याच क्षणी बाहेर फेकला जातो. कोणी पैसे पाठवले असतील तर त्यांना ताबडतोब १९३० वर फोन करायला सांगा.