ज्ञप्ती, तीन वाचने आणि एक शब्द

भिक्षुसंघ म्हणजे संसदच होत्या, असे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत प्रतिपादन केले. विनयानुसार महत्त्वाच्या संघकर्मात प्रथम ज्ञप्ती, म्हणजे प्रस्ताव, मांडला जाई. नंतर तो तीनदा घोषित होई. मौन हीच संमती. वाद मिटला नाही तर शलाका वाटून बहुमत घेतले जाई. आजच्या संसदेतही विधेयकाची तीन वाचने होतात. दोन्ही सभागृहांची मान्यता व राष्ट्रपतींची अनुमती मिळाल्यावरच त्याचा कायदा होतो.

या कार्यपद्धतीचे मोल आम्हां बौद्धांना अनुभवाने कळले आहे. अनुसूचित जातींविषयीच्या 1950 च्या राष्ट्रपती आदेशात 1956 च्या दुरुस्तीनंतर हिंदू व शीख या दोनच धर्मांना स्थान होते. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली. धर्मांतरित बांधव केंद्राच्या सवलतींना मुकले. जात वा विषमता मात्र धर्मांतराने गावकुसाबाहेरून हटली नव्हती. संविधानाच्या अनुच्छेद 341 नुसार अशा अधिसूचनेत बदल करण्याचा अधिकार केवळ संसदेला आहे. 1990 साली संसदेने कायदा करून त्या आदेशात ‘बौद्ध’ हा एक शब्द घातला. त्यास 34 वर्षे लागली.

मुकुटबन यवतमाळ जिल्ह्यात असले, तरी तेथील मतदार चंद्रपूर लोकसभा मतदारसंघातून आपला प्रतिनिधी निवडतात. त्या प्रतिनिधीने कोणत्या विधेयकावर काय मत दिले, याची विचारणा विहारातून झाली पाहिजे. संघात मौन ही संमती होती. लोकशाहीतही आमचे मौन संमतीच ठरते, हे आम्ही विसरू नये.