बाळ-बाळंतीण सुखरूप

सकाळी साडेपाचला फोन वाजला की माणूस आधी घाबरतो आणि मग चष्मा शोधतो. मी दोन्ही एकदम केलं. अमेरिकेतला पुतण्या होता.

“काका, बाळंतपण झालं! सत्तावीस!”

“सत्तावीस काय रे? इंच?”

“पिल्लं, काका. सत्तावीस पिल्लं. आणि चार अंडी फुकट गेली.”

आमची सूनबाई हौशी आहे हे मला ठाऊक होतं, पण इतकी? उलगडा व्हायला दोन मिनिटं लागली. बाळंत झाली होती ती पुतण्यानं पाळलेली बोआ. सात फुटी सापीण. इतरांची मुलं परदेशात जाऊन घर घेतात, गाडी घेतात. आमच्यानं हेही घेतलं.

एव्हाना सौ. जागी झाली होती. बाळंतपण हा शब्द कानावर पडला की आमच्या घरी कुणाचं, हा प्रश्न दुय्यम ठरतो. तिनं फोन ओढून घेतला.

“पहिलटकरीण का रे?”

“हो, काकू.”

“खात होती नीट?”

“शेवटचे दोन महिने काही नाही. नुसती दिव्याखाली ऊब घेत पडायची. कधी कधी पोट वर करून.”

“माझंही तसंच होतं,” सौ. म्हणाली. दिव्याचं की पोटाचं, ते मी विचारलं नाही.

मग पुतण्यानं फोनचा कॅमेरा फिरवला. एकेक पिल्लू हातभर लांब, पेन्सिलीहून जरा जाड. पातळ पापुद्र्यात गुंडाळलेलं बाहेर पडतं, पापुद्रा फोडतं आणि जीभ काढून जगाचा वास घेतं. पुतण्यानं सगळ्यांना कोमट पाण्यानं धुवून वेगवेगळ्या डब्यांत ठेवलं होतं. डब्यात खाली कागद, एक पाण्याची वाटी आणि लपायला एक आडोसा. काहींच्या पोटाशी नाळेचा धागा लोंबत होता. “तो ओढायचा नाही,” पुतण्या म्हणाला, “वाळून आपोआप पडतो.”

“हे तुला कुणी शिकवलं?” सौ.च्या आवाजात पहिल्यांदाच आदर होता.

आठ-पंधरा दिवसांत पिल्लं पहिली कात टाकतात. मग प्रत्येकाला एक लहानसा उंदीर. तोवर उपास. बारसं नाही, घुटी नाही, अंगाई नाही. आई कोपऱ्यात वेटोळं घालून पडली होती. तिला पोरांशी काही कर्तव्य दिसलं नाही. म्हणून तर सत्तावीस परवडतात.

फोन ठेवता ठेवता सौ. म्हणाली, “जप हो बाळंतिणीला. सापाची पोरं आईचं पोट फाडून बाहेर येतात म्हणे.”

या वाक्यानं माझी झोप उडाली. का, ते पुढे सांगतो.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. आमच्या पुस्तकात जन्म म्हणजे कंसातला एक सन. बाळंतपणाचा इतिहास कुणी नेमलेला नव्हता. तो मी त्या दिवसापासून स्वखर्चानं वाचायला घेतला.

सौ.चं वाक्य जुनं निघालं. निदान अडीच हजार वर्षांचं. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात ग्रीसच्या हिरोडोटसनं तेच लिहून ठेवलंय. मीलनाच्या वेळी सापीण नराची मान चावून तोडते. पोटातली पोरं बापाचा सूड म्हणून आईला आतून कुरतडून बाहेर पडतात! आमच्या संगीत नाटकांतही एका अंकात इतके मुडदे पडत नसत. हिरोडोटसला आम्ही इतिहासाचा जनक म्हणून शिकवतो. जनक असूनही बाळंतपणातलं त्याला काही कळत नव्हतं, असं दिसतं.

पुढच्या शतकात ॲरिस्टॉटलनं बरंच खरं सांगितलं. या सापिणीची अंडी पोटातच उबतात, पिल्लं पापुद्र्यात गुंडाळलेली बाहेर येतात, एका दिवसात वीसही. पण खरं सांगणाऱ्याचं ऐकतो कोण? रोमचा प्लिनी आला आणि त्यानं दोघांत तडजोड केली. रोज एक, असं वीस दिवस बाळंतपण चालतं. मागे राहिलेली पोरं ताटकळून आईची कूस फाडतात. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्याला हे पटण्यासारखं आहे.

हे कोडं सोडवायला उपयोगी पडले, ते औषधवाल्यांचे डबे. युरोपात ‘थेरिआक’ नावाचं सर्वरोगहारी औषध करत, त्यात व्हायपर सापाचं मांस पडे. त्यासाठी साप जिवंत ठेवावे लागत. सोळाव्या शतकात आमातुस लुसितानुस या पोर्तुगीज वैद्यानं लिहिलं, की डब्यात कोंडलेल्या गाभण सापिणी विताना आम्ही पाहिल्या. त्या मेल्या नाहीत की त्यांच्या पोटाला भोक पडलं नाही. १६४६ साली इंग्लंडच्या टॉमस ब्राउननं लोकभ्रमांवर ग्रंथ लिहिला, त्यात त्यानं या साक्षीचा आधार घेतला. दोन हजार वर्षं चाललेला वाद मिटवायला एक डबा आणि थोडा धीर एवढंच लागलं.

आमच्याकडे सुश्रुतसंहितेत गर्भिणी आणि सूतिका सापिणींच्या दंशाची लक्षणं वेगवेगळी दिली आहेत. म्हणजे बाळंतीण साप आपल्याला परका नाही. आणि का असावा? घोणस, फुरसं, चापडा, मांडूळ, हरणटोळ ही सगळी आपल्या मातीतली मंडळी जिवंत पिल्लंच घालतात. घोणशीला तर एका वेळी वीस-चाळीस होतात.

घोणशीचं नाव निघालं म्हणून सांगतो. मी रत्नागिरीकडचा. याच जिल्ह्यात डिसेंबर १८६२ मध्ये सरकारी बक्षिसापायी आठ दिवसांत १,१५,९२१ फुरशी मारली गेली. मेलेली मोजण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मृगाची पहिली सर पडून गेली होती. गोठ्यामागं लाकडांच्या राशीखाली घोणस निघाली. जाडजूड, कुकरसारखी फुसफुसणारी. गड्यानं काठी घातली, मग सगळ्यांनीच. मी एक दगड मारला. तो लागला, हे मला पक्कं आठवतं. आणि तिच्या फाटलेल्या पोटातून वळवळत पिल्लं बाहेर आली. तीही ठेचली. आजी म्हणाली, “बघ, आईचं पोट फाडून आली मेली!”

साठ वर्षं मी हे खरं मानलं. वर्गात मुलांनाही सांगितलं, कृतघ्नपणाचं उदाहरण म्हणून.

घोणस अंगणात निघाल्यावर तिला कुणी ओवाळणार नाही. तिचं विष माणसाला मारतं आणि तेव्हा गावात सर्पमित्र नव्हता, इस्पितळ चार कोसांवर. गड्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण पोट फाडलं आम्ही आणि आळ घातला पोरांवर. हिरोडोटसचंही असंच काही झालं असेल. मारून पाहणाऱ्याला पोट दिसतं. बाळंतपण दिसायला थांबावं लागतं.

थांबायचं म्हणजे घरी साप आणायचा असं नव्हे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं रानातला साप पाळणं गुन्हा आहे, आणि आमच्या घरात तर सौ.च्या कायद्यानंही.

रात्री पुतण्याचा पुन्हा फोन आला. सौ.नं पिल्लं मोजली. सत्तावीस भरली. “आईनं पाणी घेतलं का रे?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “जरा आईचं पोट दाखव बरं.”

त्यानं कॅमेरा जवळ नेला. ती हळूच सरकली. पोट अखंड होतं. ओरखडासुद्धा नव्हता.

“काका, रडताय की काय?”

“छे रे! चष्मा सापडत नाहीये,” मी म्हटलं. तो नाकावरच होता.